नमुना क्रमांक सतरा

सोहारच्या प्रयोगशाळेत सकाळी सातलाच
झुवैना येते, अबायाच्या बाह्या दुमडून
वर पांढरा कोट चढवते.
शिष्यवृत्तीची मुलगी. तिसरं वर्ष.
सरकार फी भरतं, वसतिगृह देतं, महिन्याला नव्वद रियाल हातखर्च;
त्याबदल्यात पदवीनंतर पाच वर्षं कृषी खात्यात,
पाठवतील त्या विलायतेत.
(इथे तालुक्याला विलायत म्हणतात.
मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा
आई म्हणाली, म्हणजे तू अजून पुढे गेलास की काय?)

मी इथला मदतनीस. बाटल्या धुतो,
मीटरचा इलेक्ट्रोड पुसतो,
पोरांनी सांडलेलं मुकाट टिपून घेतो.
गाव दर्यापूर. ते कुणाला ठाऊक नसतं,
त्यामुळे पुढे काही सांगावं लागत नाही.
झुवैनानं मात्र विचारलं, तिथलं पाणी कसं?
खारं, म्हटलं. समुद्र पाचशे किलोमीटर लांब, तरी खारं.
आम्ही त्या पट्ट्याला खारपाण म्हणतो.
पुन्हा म्हण, म्हणाली.
वहीत अरबी अक्षरांत उतरवून घेतलं.
त्यांच्याकडे 'प' नाही,
म्हणून मी पुंडलिकचा बुंदलिक झालोय
आणि खारपाणाचं झालं खारबान.
ती हसायला लागली.
खरबान म्हणजे बिघडलेलं.
मोटर खरबान, एसी खरबान, हे मलाही माहीत होतं,
पण दोन शब्द असे शेजारी कधी ठेवले नव्हते.

त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या विहिरींचे नमुने आले.
चाळीस बाटल्या, नुसते आकडे लावलेल्या.
नावं वहीत, वही साहेबांच्या कपाटात.
सतरा नंबरच्या झाकणाला
खजुरीच्या काथ्याची गाठ होती, दुहेरी, डावीकडे वळवलेली.
झुवैना ती सोडवायला बराच वेळ लावत होती.
मग म्हणाली, ही हमूदची गाठ.
हमूद म्हणजे आजोबा. नावानंच हाक मारते.

मीटर थांबला अकरा पूर्णांक चारवर.
लिंबाला एकसुद्धा जड जातो.
इलेक्ट्रोड घाण असेल, मी म्हटलं,
आणि तो नव्हता हे आम्हा दोघांना माहीत होतं.
तिनं ऊर्ध्वपातित पाण्यानं तो तीनदा धुतला.
अकरा पूर्णांक चार.
अकरा पूर्णांक चार.
शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं:
सिंचनास अयोग्य, उपसा बंद करावा.
खाली सही. सहीखाली: प्रशिक्षणार्थी अधिकारी.

मी तीन वेळा कृषी सहायकाची परीक्षा दिली होती.
तिसऱ्या वेळी दोन गुणांनी गेलो.
त्या दोन गुणांचं मला अजून वाईट वाटतं.
पण त्या दुपारी, खोटं कशाला बोलू,
थोडा वेळ वाटलं नाही.

गुरुवारी ती अहवाल घेऊन स्वतःच सुवैकला गेली.
टपालानं गेला असता. नियम तोच आहे.
रविवारी आली, कोट चढवला, खुर्ची ओढली.
मी विचारणार नव्हतो.
हमूदला वाचता येत नाही, ती म्हणाली,
म्हणून मीच वाचून दाखवला, शिक्क्यासकट.
काय म्हणाले?
लिंबं वाळली त्याच साली मला कळलं होतं, म्हणाला.
मग म्हणाला, असं लिहायचे सरकार तुला किती देतं?
नव्वद सांगितले.
कमी देतात, म्हणाला,
आणि कॉफी ओतायला लागला.
कॉफीचं पाणी टँकरचं होतं, गोड.

सतराची बाटली मी अजून धुतलेली नाही.
तळाशी पाणी आटून
पांढरी कडी उमटली आहे,
नखानं खरवडली तर निघेल इतकी बारीक.

झुवैनाचं लक्ष नाही.
तिचा हात माझ्याकडे लांब केलेला,
नजर मीटरवर.
बुंदलिक, अठरा दे.